लाखात एका रुपयाचा फरक

निसर्गात ज्या मूलभूत शक्ती आहेत, त्यांतली सर्वांत दुबळी कोणती, असे कुणी विचारले तर गुरुत्वाकर्षणाचे नाव आपल्यापैकी फारच थोडे लोक घेतील. जिना चढताना गुडघ्यांना जिची आठवण होते, हातातून निसटलेली कपबशी जिच्यामुळे क्षणात जमिनीवर फुटते, ती शक्ती दुबळी कशी असेल? पण पुरावा आपल्या घरातच आहे. शिवणाच्या डब्यातली एखादी टाचणी टेबलावर ठेवावी आणि वरून एक लहानसा लोहचुंबक जवळ न्यावा. टाचणी टुणकन उडी मारून त्याला चिकटते. आता या रस्सीखेचीत दोन बाजूंना कोण होते ते पाहा. एका बाजूला सुपारीएवढा चुंबक, आणि दुसऱ्या बाजूला अख्खी पृथ्वी. समुद्र, हिमालय आणि पोटातले वितळलेले लोखंड यांसह, सहावर चोवीस शून्ये इतक्या किलोंची. जिंकली सुपारी.

हा दुबळेपणा शास्त्रज्ञांनी मोजून ठेवला आहे. हायड्रोजनच्या अणूत एक प्रोटॉन आणि एक इलेक्ट्रॉन असतो. त्या दोघांत विद्युत आकर्षण असते आणि गुरुत्वाकर्षणही असते. पण पहिले दुसऱ्यापेक्षा किती पटींनी मोठे? एकावर एकोणचाळीस शून्ये, याहूनही अधिक! सगळी उमेद आकड्यांच्या सहवासात घालवलेल्या माझ्यासारख्या माणसालाही एवढी शून्ये मांडताना दम लागतो. आणि तरीही, सुमारे १३८० कोटी वर्षांपूर्वी सर्वत्र सारखा पसरलेला तप्त वायू होता, त्यातून तारे, दीर्घिका, सूर्य, पृथ्वी आणि रविवारचे वर्तमानपत्र वाचणारी तुम्हीआम्ही माणसे इथवरची मजल विश्वाने मारली, ती याच दुबळ्या शक्तीच्या बोटाला धरून. हे कसे झाले, ते आज थोडे समजून घ्यायचे आहे.

उत्तराचा पहिला भाग बँकेतल्या कारकुनालाही कळेल असा आहे. विद्युतभारात धन आणि ऋण अशा दोन बाजू असतात. वहीत जशी जमेची बाजू आणि नावेची बाजू. निसर्गाचा हिशेब असा चोख, की कुठल्याही मोठ्या वस्तूत या दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या भरतात आणि शिल्लक शून्य राहते. पृथ्वीत प्रचंड विद्युतभार आहे, पण संध्याकाळी ताळा जुळावा तसा तो आपसात फिटून जातो. उरलेल्या दोन शक्तींचा अंमल अणूच्या गाभ्यापुरता. त्याच्या बाहेर त्यांना कुणी विचारत नाही. गुरुत्वाकर्षणाची गोष्ट मात्र वेगळी. तिथे नावेची बाजूच नाही. प्रत्येक कण प्रत्येक कणाला ओढतो, ढकलत कधीच नाही. आवक अगदी किरकोळ, पण खर्चाचा रकाना कोरा. असे खाते पुरेशी वर्षे चालू राहिले तर शेवटी सगळ्या पेढीवर त्याचीच मालकी होणार.

ही बेरीज आपल्या डोळ्यांना दिसतेही. दगडाचा तुकडा वेडावाकडा असतो. मंगळाचा छोटा चंद्र फोबोस बटाट्यासारखा आहे. पण आपला चंद्र वाटोळा, पृथ्वी वाटोळी, सूर्य वाटोळा. आकार काही शे किलोमीटरांच्या पुढे गेला की दगडाचा ताठा चालेनासा होतो आणि गुरुत्वाकर्षण कोपरे दाबून त्याला गोल करते. आपल्या कळसूबाईने किंवा एव्हरेस्टने किती उंच व्हावे, हेही अखेर तेच ठरवते.

दुसरा प्रश्न याहून अवघड. सगळे कण सगळ्यांना ओढत असतील, तर विश्वातल्या वस्तू वेगवेगळ्या ठिकाणी का जमल्या? १६९२ साली रिचर्ड बेंटली नावाच्या इंग्रज धर्मोपदेशकाने न्यूटनला पत्रांतून असेच काही प्रश्न विचारले होते. न्यूटनने उत्तरात लिहिले, की अमर्याद अवकाशात द्रव्य सारखे पसरलेले असेल, तर ते एका जागी न जमता इथेतिथे जमून असंख्य गोळे होतील. सूर्य आणि तारे असेच बनले असावेत. सगळीकडची ओढ तंतोतंत सारखी राहून सारे जागच्या जागी थांबणे किती कठीण, हे सांगताना त्याने सुयांची उपमा दिली. एक नव्हे, असंख्य सुया आपापल्या टोकावर उभ्या करून ठेवाव्यात, तसे ते अवघड. जराशी झुळूक आली, की आडव्या. म्हणजे गोळे होण्यासाठी कुठेतरी काहीतरी किंचित असमान असायला हवे. ती असमानता किती होती आणि आली कुठून, हे कळायला मात्र पुढची तीनशे वर्षे जावी लागली.

मधल्या काळात विश्वाचे चित्रच बदलले. आइन्स्टाइनने १९१५ मध्ये गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धान्त मांडला. १९१७ मध्ये तो साऱ्या विश्वाला लावताना त्याच्या लक्षात आले, की समीकरणांतले विश्व स्थिर राहायला तयार नाही. सुया पडणार! म्हणून त्याने ओढीला विरोध करणारी एक जादा संज्ञा समीकरणात घातली. पुढे फ्रीडमन आणि लमेत्र यांनी प्रसरण पावणारे विश्व गणिताने दाखवले, आणि १९२९ मध्ये हबलने दूरच्या दीर्घिका आपल्यापासून दूर चालल्याची मोजमापे प्रसिद्ध केली. जितकी दूर, तितकी वेगाने. विश्व आज पसरते आहे, तर पूर्वी ते दाट आणि तप्त असले पाहिजे, ही महास्फोटाची कल्पना तिथून निघाली.

तिचा मोठा पुरावा १९६४–६५ मध्ये हाती आला. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत पेंझियस आणि विल्सन हे दोघे एका शिंगाच्या आकाराच्या ॲन्टेनावर काम करत होते. ॲन्टेना कुठेही वळवला तरी एकसारखी खरखर येई. कबुतरांनी आत घाण केली होती, तीही त्यांनी साफ केली. खरखर तशीच! ती होती विश्वाच्या बालपणीची उरलेली धग. विश्व सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांचे असताना वायू पुरेसा निवला, पारदर्शक झाला आणि त्यात कोंडलेला प्रकाश मोकळा सुटला. तोच आज थकून सूक्ष्मलहरींच्या रूपात सगळीकडून येतो. पूर्वी दूरदर्शनचे कार्यक्रम संपले की पडद्यावर मुंग्या दिसत. त्यांतला थोडासा, अगदी शंभरातला एखादा ठिपका, या आदिम प्रकाशाचा असे.

पण या प्रकाशाने एक नवी पंचाईत केली. आकाशाच्या कुठल्याही कोपऱ्यातून तो इतका सारखा येत होता, की प्रश्न पडला – बालपणी विश्व एवढे एकसारखे असेल, तर दीर्घिका जमल्या कशाभोवती? याचे उत्तर १९९२ मध्ये मिळाले. कोबे नावाच्या उपग्रहाने या प्रकाशाच्या तपमानात ठिकठिकाणी अगदी बारीक फरक असल्याचे दाखवले. किती बारीक? लाखात एक भाग.

इथे बँकेतल्या माणसाला थांबावेच लागते. हाताने लेजर लिहिण्याच्या दिवसांत ३१ मार्चच्या रात्री ताळा जुळला नाही, तर सगळी शाखा जागी राही. फरक लाख रुपयांचा असो की एका रुपयाचा. सापडल्याशिवाय कुणी घरी जात नसे. पहाटे कधीतरी एखाद्या पानावर सातच्या जागी एक वाचलेला दिसे, जोडणी होई आणि चहा मागवला जाई. फरक म्हणजे दोष, तो शून्यावर आणायचा, हे आमचे संस्कार. विश्वाच्या पहिल्या ताळेबंदात मात्र लाख रुपयांत एका रुपयाचा फरक राहिला होता, आणि कुणी तो शोधून मिटवला असता, तर पुढे काहीच घडले नसते. पसरत जाणारा, थंड होत जाणारा, सर्वत्र सारखा विरळ वायू, बस्स. तारा नाही, माती नाही, तक्रार करायलाही कुणी नाही.

आता हा एक रुपया वाढला कसा? जिथे द्रव्य किंचित जास्त, तिथे ओढ किंचित जास्त. म्हणून तिथे आणखी द्रव्य येते. म्हणून ओढ आणखी वाढते. व्याजावर व्याज! साडेपाच वर्षांत दामदुप्पट करणारी किसान विकास पत्रे ज्यांनी पूर्वी घेतली, त्यांना याहून सोप्या उदाहरणाची गरज नाही. वायूचा दाब या जमण्याला विरोध करतो. तो विरोध मोडून ढग केव्हा कोसळू लागेल, याचे गणित जेम्स जीन्सने १९०२ मध्येच करून ठेवले होते. पण आणखी एक भानगड होती. विश्व पसरत होते. महागाई जशी ठेवीवरचे व्याज खाते, तसे प्रसरण या वाढीला खात होते. त्यामुळे चक्रवाढीची झेप मंदावते, आणि हिशेब असा निघतो की विश्व जितक्या पटींनी पसरले, साधारण तितक्याच पटींनी हा फरक वाढावा.

तो आदिम प्रकाश सुटल्यापासून आजपर्यंत विश्व सुमारे ११०० पटींनी पसरले आहे. लाखात एक याला ११०० ने गुणा. उत्तर आले, शंभरात एक. म्हणजे आजही विश्वात कुठे एक टक्का जास्त, कुठे एक टक्का कमी वायू असायला हवा होता. दीर्घिका सोडाच, एखादा बरासा ढगही नाही. प्रत्यक्षात आपल्या आकाशगंगेतले द्रव्य विश्वाच्या सरासरीपेक्षा हजारो पटींनी दाट आहे. ताळा जुळत नाही!

जुळत नसलेली रक्कम आम्ही तात्पुरती सस्पेन्स खात्यात टाकत असू. शास्त्रज्ञांच्या अशाच एका खात्याचे नाव आहे कृष्णद्रव्य. ते खाते पूर्वीच उघडलेले होते. १९३३ मध्ये फ्रिट्झ झ्विकीने दीर्घिकांच्या एका समूहाकडे पाहून सांगितले होते, की या दीर्घिका एवढ्या वेगाने फिरूनही पांगत नाहीत. अर्थात दिसते त्याहून कितीतरी जास्त द्रव्य त्यांना धरून असले पाहिजे. फारसे कुणी मनावर घेतले नाही. १९७० च्या दशकात व्हेरा रुबिन यांनी केंट फोर्ड यांच्यासह दीर्घिकांच्या कडेचे तारे मोजले. ते अपेक्षेपेक्षा फार वेगात फिरत होते. तिथेही न दिसणारे द्रव्य. आज ठरलेला हिशेब असा आहे: विश्वाच्या भांडवलात नेहमीचे द्रव्य सुमारे ५ टक्के, कृष्णद्रव्य २७ टक्के, आणि उरलेले ६८ टक्के ज्याला कृष्णऊर्जा म्हणतात ते. या कृष्णऊर्जेकडे पुढे येऊच.

कृष्णद्रव्याचा विशेष असा, की प्रकाशाशी त्याला काही देणेघेणे नाही. आरंभीच्या धगीत नेहमीचे द्रव्य एकत्र येऊ पाही, तेव्हा कोंडलेला प्रकाश त्याला ढकलून लावी. कृष्णद्रव्याला तो ढकलू शकत नव्हता. त्यामुळे त्याने जमण्याचे काम आधीच सुरू केले होते. प्रकाश मोकळा होऊन वायूची सुटका झाली, तेव्हा कृष्णद्रव्याचे खळगे तयारच होते. पावसाचे पाणी ओढ्यानाल्यांकडे वळावे तसा वायू त्यांत उतरला. अशा रीतीने वेळेचा ताळा जुळतो. कृष्णद्रव्य नेमके कशाचे आहे, त्याचा एखादा कण हाती लागेल का, याचा शोध जमिनीखालच्या प्रयोगशाळांत चालू आहे. सस्पेन्स खात्यातली ही रक्कम अजून कुणाच्या नावे पडलेली नाही. पण वेगवेगळ्या पाच-सहा वह्यांत ती सारखीच निघते, म्हणून ती खोटी म्हणता येत नाही.

अर्थात सर्वांनाच हा ताळेबंद मान्य होता असे नाही. कोल्हापुरात जन्मलेल्या जयंत नारळीकरांनी १९६४ मध्ये फ्रेड हॉईल यांच्याबरोबर गुरुत्वाकर्षणाचा वेगळा सिद्धान्त मांडला आणि महास्फोटाबद्दलच्या आपल्या शंका अखेरपर्यंत सोडल्या नाहीत. २० मे २०२५ रोजी ते गेले. माझ्या पिढीच्या मराठी वाचकाला आकाशाकडे बघायला त्यांनी शिकवले, आणि बहुसंख्यांचे मत आहे एवढ्यावरून वहीवर सही करू नये, हेही. बहुतेक शास्त्रज्ञ आज महास्फोटाच्या बाजूचे आहेत. मी इथे मांडतो आहे तो हिशेबही तोच. पण चांगल्या पेढीला एक खडूस तपासनीस लागतोच.

त्यांनीच उभ्या केलेल्या पुण्याच्या आयुका या संस्थेतल्या आणि इतर भारतीय संस्थांतल्या खगोलशास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये दीर्घिकांचा एक महासमूह शोधून काढला. मीन राशीच्या दिशेला, आपल्यापासून सुमारे ४०० कोटी प्रकाशवर्षे दूर. त्याचे नाव ठेवले सरस्वती. चाळीसहून अधिक दीर्घिकासमूह त्यात आहेत आणि त्याचा विस्तार सुमारे ६० कोटी प्रकाशवर्षांचा. आपली आकाशगंगा लाखभर प्रकाशवर्षे रुंद आहे, एवढ्यावरून अंदाज यावा. अशा महासमूहांचे धागे विश्वभर जाळ्यासारखे पसरले आहेत आणि जाळ्याच्या छिद्रांत कोट्यवधी प्रकाशवर्षांच्या पोकळ्या आहेत. पैशाकडे पैसा जातो, असे आपण म्हणतो. आकाशातही तसेच झाले. जिथे एक रुपया जास्त होता तिथे महासमूह उभे राहिले, जिथे एक रुपया कमी होता तिथले उरलेसुरलेही निघून गेले.

१९८० च्या दशकात मी मराठवाड्यातल्या एका लहान गावच्या शाखेत होतो. संध्याकाळी वीज गेली की आम्ही बँकेच्या ओट्यावर येऊन बसत असू. शाखेतले शिपाई वयाने वडील. आम्ही सगळे त्यांना मामा म्हणायचो. एकदा आकाश असे काही उघडले होते, की आकाशगंगेचा पट्टा गावावरून ओढ्यासारखा गेलेला दिसत होता. मामांनी मान वर करून विचारले, "सायेब, हे येवढं समदं वर लटकलंय, खाली कसं पडंना?" मी त्यांना म्हणालो, "मामा, पडतंच आहे. चंद्र दर सेकंदाला पृथ्वीकडे दीड मिलिमीटरच्या आत-बाहेर पडतो. पण तेवढ्या वेळात तो किलोमीटरभर बाजूला पळालेला असतो, म्हणून आपल्यावर आदळत नाही." मामा थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "म्हंजी पडाया लागलंय, पन पोचंना." गुरुत्वाकर्षणाची इतकी नेमकी व्याख्या नंतर मी कुठल्या पुस्तकात वाचली नाही.

तारा म्हणजे तरी काय? मध्याकडे पडायला निघालेला पण न पोचलेला वायू. सूर्याच्या पोटातला दाब एकाएकी नाहीसा झाला, तर तो अर्ध्या तासात स्वतःवर कोसळेल. त्या अर्ध्या तासाचे त्याने आजवर ४६० कोटी वर्षे केले आहेत. वायूचा गोळा आक्रसत जातो तसा तापत जातो. मध्याचे तपमान दीड कोटी अंशांच्या घरात गेले की हायड्रोजनचे हेलियम होऊ लागते आणि त्या उष्णतेचा दाब कोसळणे थोपवून धरतो. इथे एक गंमत आहे. तारा उष्णता गमावतो तसा आणखी आक्रसतो, आणि आक्रसला की आणखी तापतो. खर्च केल्याने शिल्लक वाढावी, असे हे एकमेव खाते असेल! पण इंधन केव्हातरी संपते, आणि गुरुत्वाकर्षण तर कधीच थकत नाही.

मग काय होते, याचे उत्तर मुंबईहून सुटलेल्या एका बोटीवर सापडले. १९३० साली एकोणीस वर्षांचा सुब्रह्मण्यन चंद्रशेखर उच्च शिक्षणासाठी इंग्लंडला निघाला होता. प्रवासात त्याने कागदावर आकडेमोड केली आणि एक विलक्षण निष्कर्ष काढला. विझलेला तारा, ज्याला श्वेत बटू म्हणतात, तो एका मर्यादेपर्यंतच स्वतःचा भार पेलू शकतो. ती मर्यादा सूर्याच्या सुमारे १.४ पट. त्यापलीकडे त्याला सावरणारे काही नाही. १९३५ मध्ये लंडनला भर सभेत एडिंग्टनसारख्या मान्यवराने या निष्कर्षाची टर उडवली. चंद्रशेखरांना नोबेल पारितोषिक मिळाले ते १९८३ मध्ये.

ही मर्यादा आपल्या घरापर्यंत येऊन पोचते. जोडीदार ताऱ्याचे द्रव्य ओढता ओढता एखादा श्वेत बटू तिच्याजवळ पोचला की सगळाच्या सगळा फुटतो आणि पुष्कळसे लोखंड अवकाशात उधळतो. फार मोठ्या ताऱ्यांचा शेवट आणखी वेगळा. त्यांचा लोखंडी गाभा सेकंदाच्या आत कोसळतो आणि बाहेरचे थर स्फोटाने उडतात; त्यांतून आपण श्वासात घेतो तो ऑक्सिजन आला. ऑगस्ट २०१७ मध्ये दोन न्यूट्रॉन ताऱ्यांची टक्कर शास्त्रज्ञांनी प्रथमच टिपली आणि तिच्यात जड मूलद्रव्ये तयार झाल्याच्या खुणा मिळाल्या. बायकांच्या मंगळसूत्रातले सोने बरेचसे अशाच टकरींतून आले असावे.

म्हणजे जमवाजमव ही निम्मीच गोष्ट झाली. गुरुत्वाकर्षणाने नुसते जमवलेच असते, तर विश्वात हायड्रोजन आणि हेलियमचे ढीग तेवढे झाले असते. त्या ढिगांतून ज्यांनी सर्वांत जास्त ओढून घेतले, ते तारे सर्वांत लवकर जळाले आणि सर्वांत जास्त उधळून गेले. त्या उधळणीतून पुन्हा ढग, पुन्हा तारे, आणि यावेळी सोबत दगडांचे ग्रह. आपल्या रक्तातले लोह अशा किती दिवाळखोरांची देणगी आहे, कोण जाणे. मी कर्जखात्यात होतो तेव्हा तारण असलेल्याला कर्ज लगेच मिळे आणि ज्याला खरी गरज त्याला हेलपाटे पडत. पैशाकडे पैसा जातो हा निसर्गनियमच आहे, असे तेव्हा पुष्कळ जण सांगत. निसर्गनियमाचा दाखला द्यायचा, तर तो पुरता द्यावा. आकाशात वाटप झाल्याशिवाय एकही गवताचे पाते उगवलेले नाही.

काही ताऱ्यांच्या वाट्याला ही उधळणही पुरी येत नाही. ते कोसळतच जातात आणि कृष्णविवर होतात, जिथून प्रकाशही बाहेर पडत नाही. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या लायगो या यंत्रणेने १३० कोटी प्रकाशवर्षे दूरच्या दोन कृष्णविवरांच्या मीलनातून उठलेला थरथराट पकडला. तीन सूर्यांएवढे द्रव्य त्यात गुरुत्वीय लहरी होऊन गेले. आपल्यापर्यंत येईतो त्यांचा जोर एवढा उतरला होता, की चार किलोमीटर लांबीच्या बाहूत पडलेला फरक प्रोटॉनच्या व्यासापेक्षाही शेकडो पटींनी लहान होता. पुन्हा फरकच! अशीच एक यंत्रणा हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ उभारण्यासाठी केंद्र सरकारने २०२३ मध्ये सुमारे २६०० कोटी रुपये मंजूर केले. ज्योतिर्लिंगाला जाणाऱ्या भाविकांच्या मुलाबाळांना उद्या तिथे कृष्णविवरांचीही चौकशी करता येईल.

आता त्या ६८ टक्क्यांकडे येऊ. १९९८ मध्ये शास्त्रज्ञांच्या दोन गटांनी दूरच्या फुटलेल्या श्वेत बटूंचा प्रकाश मोजला. ओढीमुळे विश्वाचे प्रसरण मंदावत असेल, किती ते पाहू, असा त्यांचा बेत. निघाले उलटेच. प्रसरण वाढत्या वेगाने चालू आहे, आणि गेली सुमारे ५०० कोटी वर्षे तसेच चालले आहे. आइन्स्टाइनने जी संज्ञा समीकरणात घातली आणि नंतर काढून टाकली, तिच्यासारखेच काहीतरी अवकाशाला ताणत आहे. ती कृष्णऊर्जा. महागाईने व्याजावर मात केली, असे समजा. जे समूह जमले ते जमले. सरस्वतीसारखे नवे महासमूह यापुढे उभे राहणे कठीण. २०२४ आणि २०२५ मध्ये डेसी या उपकरणाच्या मोजमापांतून या ताणाचा जोर काळाबरोबर बदलत असावा असे संकेत मिळाले आहेत. ते अजून पक्के झालेले नाहीत. पण ताण असाच राहिला, तर पुढचे चित्र गणिताने काढता येते.

आजपासून सुमारे १० हजार कोटी वर्षांनी आपल्या आसपासचे, एकमेकांशी बांधलेले थोडे तारकासमुदाय सोडले तर बाकी सगळ्या दीर्घिका दृष्टीच्या पलीकडे गेलेल्या असतील. तो आदिम प्रकाशही इतका क्षीण झालेला असेल, की त्याचा मागमूस लागणार नाही. तेव्हा कुठल्या ग्रहावर कुणी हुशार जीव असलेच, तर त्यांना आपली एकटी दीर्घिका आणि तिच्याभोवती काळोख एवढेच दिसेल. विश्व पसरते आहे, त्याला आरंभ होता, लाखात एका रुपयाच्या फरकातून सारे उभे राहिले, यातले काहीच त्यांना कळण्याची सोय नसेल. त्यांची बुद्धी कमी असेल म्हणून नव्हे. वहीची जुनी पाने गेलेली असतील म्हणून. आपण ज्या काळात आलो, त्यात तारे जमून झाले आहेत, उधळून माती झाली आहे, आणि पहिले पानही अजून वाचता येते. हा योग फार लांबचा नाही.

म्हणून एक सुचवावेसे वाटते. कार्तिकातल्या अंधाऱ्या पंधरवड्यात, रात्री आठ-नऊच्या सुमारास, गावाकडे किंवा शहराबाहेर कुठे दिव्यांपासून दूर जाणे झाले, तर मुलांना घेऊन अंगणात उभे राहावे. डोक्यावर पूर्वा आणि उत्तरा भाद्रपदांच्या चार ताऱ्यांचा मोठा चौकोन दिसेल. त्याच्या उत्तरपूर्वेच्या कोपऱ्यापासून थोडे उत्तरेला सरकले की एक धूसर, कापसासारखा ठिपका आढळतो. ती देवयानी दीर्घिका. तिथला प्रकाश निघाला तेव्हा पृथ्वीवर आपली माणूसजात अजून यायची होती. २५ लाख वर्षे तो वाटेत आहे. ती आपल्याकडेच येते आहे, सेकंदाला सुमारे ११० किलोमीटर वेगाने. पुढच्या हजार कोटी वर्षांत ती आपल्या आकाशगंगेत मिसळेल की नाही, याची शक्यता निम्मी-निम्मी आहे, असे २०२५ मधला एक अभ्यास सांगतो. मुले विचारतील, ती आपल्यावर पडणार का? तेव्हा मामांचे उत्तर द्यायला हरकत नाही.